‘न्हाय’मधला न

कानाला मशीन लावल्यापासून आबासाहेबांना कारखाना कमी ऐकू येत होता, आणि ते त्यांना बरं वाटत होतं. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलचे माग दुरुस्त करण्यात उभी हयात गेली, त्यातच कानही गेले. आता हे मशीन मागांची घरघर दाबायचं आणि माणसाचा आवाज पुढं आणायचं. शिफ्ट सुटल्यावर डोकं ठणकत नसे.

पण सोमवारी मागात हात घालण्याआधी त्यांनी ओरडून विचारलं, “बंद हाय का?”

स्विचबोर्डापाशी उभा असलेला बिरप्पा म्हणाला, “न्हाय.”

आबासाहेबांना ऐकू आलं, ‘हाय’. माग हलला आणि अंगठ्याचं नख गेलं. सुपरवायझर रागावला नाही. पुन्हा असं झालं तर गेटवर बसवीन, एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बिरप्पाच त्यांना मोटारसायकलवरून मशीनवाल्या अरिबा मॅडमकडं घेऊन गेला. 

अरिबानं मागांचा आवाज स्पीकरवर लावला, बिरप्पाला त्यांच्या पाठीमागं उभं केलं आणि दोन्ही शब्द आलटून पालटून म्हणायला लावले. आबासाहेब खात्रीनं सांगत गेले. हाय. हाय. हाय. बिरप्पानं पुढं येऊन सांगितलं, त्यातले निम्मे ‘न्हाय’ होते.

मशीनला भाषा कळत नाही, अरिबा सांगू लागली. खालच्या पट्टीत एकसारखी घरघर आली की ते त्या पट्टीतलं सगळंच दाबून टाकतं. ‘न’ची गुणगुणही त्याच पट्टीतली. ती गेली की ‘न्हाय’चं ‘हाय’ उरतं.

“मग ते दाबणंच काढा की,” आबासाहेब म्हणाले.

तिनं काढलं. घरघर कवटीत शिरली. तीत ‘न’ कधी सापडला, कधी नाही. थोड्या वेळानं त्यांनीच हात वर केला, राहू द्या म्हणून.

अरिबा बिरप्पाकडं वळली. घरी काय बोलता? तो अक्कलकोटकडचा, घरी कानडी. मग ‘नाही’ला काय म्हणता?

“इल्ला,” तो संकोचून म्हणाला. “पर आबाच म्हणत्यात, कारखान्यात मराठी बोल की.”

तिनं दाबणं पुन्हा सुरू केलं, घरघर लावली. ‘इल्ला’ प्रत्येक वेळी स्वच्छ ऐकू आलं. आबासाहेब हसले नाहीत. “बोल बाबा आता कानडी,” म्हणाले.

दोन दिवस निभावलं. शुक्रवारी बिरप्पाची सुट्टी होती आणि बोर्डापाशी श्रीपूरकडचा, कानडी न येणारा एक नवा माणूस होता. आबासाहेबांनी विचारलं, बंद हाय का? उत्तर आलं, ‘हाय’.

त्यांनी पाना खाली ठेवला आणि सगळी शेड ओलांडून बोर्डापर्यंत चालत गेले. स्विच बंदच होता. नवा माणूस चिडून म्हणाला, हाय म्हणून सांगितलं की.

ते परत आले, माग नीट केला. पुढच्या मागापाशी वाकून पुन्हा विचारलं, उत्तर ऐकलं, पाना खाली ठेवला आणि बोर्डाकडं चालायला लागले.