नवव्या गाळ्याची खिडकी

राजेशने छिन्नीवर तिसरा घाव घातला आणि मंजुळाच्या दुकानातलं प्लास्टर वह्यांच्या गठ्ठ्यांवर भसाभस कोसळलं. विटा काढल्यावर वीतभर रुंदीची खिडकी मोकळी झाली, बोळाकडे उघडणारी. नऊ गाळ्यांच्या ओळीत असली खिडकी ह्या शेवटच्या गाळ्यालाच होती. सोळा वर्षांपूर्वी, दुकान घेतलं त्याच आठवड्यात, मंजुळाने समोर उभं राहून गवंड्याकडून ती बुजवून घेतली होती.

"असं तोंड नको करू गो ताई," राजेश म्हणाला. "म्याडम मूळ रूपात पायजे म्हणाल्या, तर मूळ रूपात देऊ."

राजेशचं किराणा शेजारच्या गाळ्यात. माणूस वाईट नव्हता, हो! एकवीसच्या पुरात आपला माल सोडून मंजुळाचा माल आधी त्याने माळ्यावर चढवला होता. आता सगळ्यांचीच मान अडकली होती. १९३४ साली महाडच्या वेशीबाहेर, पोलादपूरच्या वाटेवर बांधलेली ही ओळ. सागवानी खांब, कौलं, आकडे टाकलेल्या फळ्यांची दारं. ती पाडून तिथे तीन मजली कॉम्प्लेक्स उभं करायचं घाटत होतं. वारशाच्या यादीत नाव लागलं तरच ओळ वाचणार होती. मंजुळाचा नवरा गेल्यापासून दोन मुलींचं सगळं ह्या दुकानावर चालत होतं, आणि धाकटी अजून बारावीला होती.

त्या यादीसाठी पाहणीला आलेल्या निशा म्याडमनी खांब थोपटले, फळ्यांवरचे आकडे मोठ्याने वाचले, आणि खिडकीपाशी तर चक्क फतकल मारली.

"किती गोड! हवेसाठी असेल ना?"

"हवेसाठीच," राजेश चटकन म्हणाला.

मंजुळाच्या डोक्यात सणक गेली. हवेसाठी! उद्या पाटी लागेल, तिच्या मुली ती पाटी वाचतील. जातंय दुकान तर जाऊ दे खड्ड्यात, असं तिला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

"हवेसाठी नाही," ती म्हणाली. "आमच्यासाठी. आमच्या लोकांना पुढच्या पायरीवर पाऊल ठेवायची बंदी होती. माझा आजा, जानू, शिवथरहून चालत यायचा. पैसे ह्या चौकटीवर ठेवायचा. आतला माणूस त्यावर पाणी शिंपडून ते उचलायचा, मग मीठ धोतराच्या सोग्यात पडायचं. आमच्या लोकांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याला ही ओळ बांधली तेव्हा सात वर्षं झाली होती. तरी ही खिडकी कुणीतरी नव्याने बांधून घेतली, म्याडम. नव्याने!"

राजेश खाली मान घालून छिन्नी पुसत राहिला. ओळीतले दुकानदार दाराशी गोळा झाले होते. आता म्याडम शरमेने वही मिटतील, ओळ गेली म्हणून सगळे आपल्यावर तुटून पडतील, अशी मंजुळाने मनाची तयारी केली.

म्याडमचे डोळे मात्र लकाकले.

"ताई, हे आधी नाही का सांगायचं? हे तर अमूल्य आहे! अशी खिडकी शाबूत सापडते कुठे? तुमची ओळ यादीत गेलीच म्हणून समजा."

दाराशी एकदम हशा पिकला, कुणी कुणाच्या पाठीवर थाप मारली. बांगड्यांच्या दुकानाची रंगूबाई पुढे आली.

"बघ गो मंजुळा, तुझ्या आज्यानं वाचवलं आमाला!"

"एकच फोटो हवाय," म्याडम म्हणाल्या. "तुम्ही बोळात उभ्या राहा, पदर पसरून. आतून कुणीतरी मीठ द्या. सख्खी नात आहे, याहून मोठा पुरावा काय?"

"मी नाही उभी राहणार."

कुणी चिडलं असतं तर बरं झालं असतं. सगळे समजुतीनेच घेत होते. रंगूबाईने तिचा हात हातात घेतला.

"एका फोटोनं काय झिजतं गो? नऊ घरांचा प्रश्न हाय. तुझ्या पोरींचा पण हाय."

मंजुळा बोळात गेली. भिंतीकडे तोंड करून तिने पदर पसरला. मेलं हे जिणं, असं तिच्या मनात आलं.

राजेश आपल्या दुकानातून मीठ घेऊन तिच्या गाळ्यात आला. गेली सोळा वर्षं तो तिच्या हातावर टाळी देऊन हसत-बोलत आला होता, तिच्या डब्यातली भाकरी मोडून खात आला होता. मीठ कसं टाकायचं ते म्याडम सांगणार, तोवर त्याची मूठ खिडकीतून बाहेर आलीसुद्धा. पदराच्या चांगली वीतभर वर ती थांबली. दुसऱ्या हाताने त्याने बाही मागे ओढून धरली, तिच्या पदराला लागू नये म्हणून. मग मूठ सैल झाली आणि मीठ पडलं.

"परफेक्ट!" म्याडम ओरडल्या. "कुणी शिकवलं हो तुम्हाला हे?"

"नाय... कुणी नाय," राजेश म्हणाला.

मंजुळाने पदर झटकला नाही. मीठ घेऊन ती तशीच उभी राहिली, कारण म्याडमना आणखी एक फोटो हवा होता.