पारावर कुणी मरत नाही

उसाचा फड अर्धा तोडून माणसं धावली होती. कुणी सायकल आडवी टाकली होती, तर कुणी कारखान्याकडं निघालेली बैलगाडी भर रस्त्यात तशीच उभी करून आला होता. कसबा बावड्याबाहेर लिंबाच्या पाराभोवती सकाळीच असं कडं पडलं म्हणजे दुसरं काही असायचंच नाही. कुणाला तरी साप चावलेला असायचा आणि आकाराम देवरुषानं रिंगण घातलेलं असायचं.

त्या दिवशी रिंगणात तानाबाई होती. पाचट ओढताना घोट्याला चावा बसला आणि फणा काढलेलं जनावर तिच्या नवऱ्यानं, ज्ञानूनं, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. त्यानं तिला पाठीवर घेऊन पार गाठला. देवरुषानं तिला खाली बसवून भोवती भंडाऱ्याची रेघ ओढली.

"आता ही रेघ हिनं वलांडायची न्हाय आणि तुम्ही आत यायचं न्हाय," तो म्हणाला. "वलांडली तर इष उलटं फिरतंय. घरच्यांच्या अंगात शिरतंय."

म्हणजे ज्ञानू बाहेर बांधला गेला आणि तानाबाई आत. दोराशिवाय.

"त्यो म्हादेवाच्या गळ्यातला हाय," देवरुषी लिंबाचा डहाळा फिरवत सांगू लागला. "माझ्या आज्यानं त्याला दूध पाजलंय. माझ्या शबुदाबाहेर त्यो जायचा न्हाय."

"मग चावायच्या आधीच शबूद का टाकत न्हाईस, अण्णा?" मागून कोणीतरी विचारलं.

लोक हसले. देवरुषाला मात्र ते ऐकू आलं नाही. त्याला नेमकं सोयीचं तेवढंच ऐकू यायचं.

पण हसणारेही हात जोडूनच उभे होते. कारण पारावर आजवर एकही माणूस दगावलं नव्हतं. गावातला पिराजी साप चावूनही इथूनच उठून चालत घरी गेला होता, आणि पिराजीसारखे कितीतरी. आणि शहरात राजारामपुरीतल्या धर्मादाय दवाखान्यात नेलेली माणसं? ती पांढऱ्या कापडात परत यायची. पाराच्या खात्याला सगळं जमा, दवाखान्याच्या खात्याला सगळं नावे. हिशेब इतका स्वच्छ दिसला की तो मांडला कुणी, हे एकदा तरी विचारायला हवं. बावड्यात ते कुणी विचारत नव्हतं.

देवरुषानं तानाबाईच्या तोंडात लिंबाचा पाला घातला. "चाव आणि गीळ. कडू लागला की समज, इष उतरलं."

कडू लागत होता. चांगलाच कडू. तसं सांगायला तिनं तोंड उघडलं, तर जीभ भिजलेल्या चिंधीसारखी जड. पाला गिळता येईना, लाळेबरोबर हनुवटीवर आला. पापण्या आपोआप खाली पडू लागल्या. पुढं दिसायचं बंद झालं, पण ऐकू मात्र सगळं येत होतं. सासू बाळाबाईचं रडणं, ज्ञानूचे पाय रेघेशी येऊन थांबणं, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज.

देवरुषी मंत्र पुटपुटत तिच्या कानाशी वाकला. मंत्र संपला आणि त्याच पुटपुटत्या आवाजात त्यानं मदतीला आत बसलेल्या आपल्या मेव्हण्याला, हंबीररावाला, सांगितलं, "हिच्यानं गिळवंना. पापण्या पडल्या. ही जातीय. आण जीप. पारावर नको मराय. आणि जीप उसाच्या आडच लावत जा, आधीपासनं हुबी दिसली तर लोकांना वास येतोय."

तानाबाईला ओरडायचं होतं, पण घशातून घरघर तेवढी निघाली.

"बघा," देवरुषी मोठ्यानं म्हणाला, "देवानं हात काढला. उशीर केलासा तुम्ही. आता सुयावाल्यांकडं न्या, त्यांचं नशीब आजमावा."

"नको रं ज्ञानू," बाळाबाई म्हणाली. "तिथनं कोण माघारी आलंय? हितंच ऱ्हाऊ दे."

"आई, देवच नको म्हणतोय की. आता हितं ठेवून काय करू?"

रेघेवर उभं राहून मायलेक भांडत राहिले. आत बसलेल्या बाईचा श्वास तोवर आखूड होत चालला होता. देवरुषानं पायानं रेघ पुसली, तेव्हाच कुठं ज्ञानूला बायकोला हात लावता आला, जीपमध्ये घालता आलं.

धर्मादाय दवाखान्यात डॉक्टर मलिका मुजावर होत्या. या बाईंना एक वेगळाच नाद होता. माणूस दारातून आत येतं तिथून सुई टोचेपर्यंत वेळ जातो कुठं, हे त्या वर्षभर रुग्णांच्या मागे चालून बघत होत्या. थोडा वेळ केसपेपरच्या रांगेत जायचा, थोडा औषधाच्या कपाटाची किल्ली कुणाकडं आहे ते शोधण्यात. कागदाशिवाय औषधाला हात लावायचा नाही, हे दवाखान्याचं स्वतःचं रिंगणच होतं. विश्वस्तांशी भांडून त्यांनी ते पुसलं. सापाच्या विषावरची लस दारापाशी आणली, नाव मागाहून लिहायचं ठरवलं. लांबची, पन्हाळ्याकडची, बिद्रीकडची माणसं वाचू लागली. बावड्याची तेवढी मरत राहिली. नातेवाइकांना विचारावं, तर प्रत्येकजण मान खाली घालून एकच सांगायचा, "लगेच आणलं, डॉक्टर."

तानाबाईला लस गेली, घशात नळी गेली आणि नळीला लावलेली रबरी पिशवी परिचारिका दाबू लागली. छाती वर-खाली होत होती, पण दुसऱ्याच्या हातानं.

बाळाबाईनं सुनेची पापणी उचलून बघितली. आत काहीच हललं नाही. "गेली," ती म्हणाली. "वारा भरून कशाला फुगवताय तिला? द्या आमची आम्हाला. घरी न्हेतो."

तानाबाईनं हे ऐकलं. माणसानं स्वतःचं जाणं ऐकावं आणि नाही म्हणायला बोटही उचलता येऊ नये, असं आतमध्ये कोंडलेपण. ज्ञानू पलंगाजवळ आला. मग त्याचा हात नळीकडं आल्याचं तिला अंगावर पडलेल्या सावलीसारखं जाणवलं.

"थांबा," मलिकाबाई म्हणाल्या. त्या पलंगाच्या पायथ्याशी गेल्या. "तानाबाई, विषानं तुमचे स्नायू लुळे झालेत, कान नाहीत. ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा."

तानाबाईनं सगळा जीव त्या अंगठ्यात ढकलला.

अंगठा हलला. उंदराच्या शेपटीएवढा, पण हलला.

ज्ञानूनं परिचारिकेच्या हातातून पिशवी घेतली. "दाखवा, कशी दाबायची."

दुसऱ्या दिवशी पापण्या उघडल्या, नळी निघाली. मलिकाबाईंनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला, "चावल्यापासून इथं येईपर्यंत कुठं होतात?"

ज्ञानूनं मान खाली घातली. तानाबाईनं मात्र सगळं सांगितलं. देवरुषाच्या तशा कानगोष्टी याआधीही कित्येकांनी ऐकल्या असतील. पण ज्यांच्या कानाशी त्या झाल्या, त्यांतलं कुणी सांगायला परत आलं नव्हतं.

ती घरी आली, तेव्हा पारावर नवीनच वार्ता होती. देवरुषाच्या भंडाऱ्यानं तानाबाई वाचली म्हणे. बाळाबाई नारळ घेऊन तयारच होती. तानाबाई पारावर गेली, पण नारळ नेला नाही.

रिंगणात त्या दिवशी साप चावलेला मौलाली पिंजारी बसला होता. त्याची बायको जरीना रेघेबाहेर पदर चावत उभी होती.

"आली बघा माझी लेक," देवरुषी म्हणाला.

"तुझी लेक मराय टेकलती, तवा तू काय म्हणालास तिच्या कानात?" तानाबाईनं विचारलं आणि शब्दन् शब्द सांगितला.

"इषाच्या गुंगीत भास झाला हिला."

"व्हय? मग जरा उसाच्या आड बघा की कोणीतरी. जीप हाय का भास हाय?"

पिराजीच गेला. ऊस बाजूला केला. हंबीरराव स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला होता.

"पाला कडू लागतो का, ह्ये बघतच न्हाय ह्यो," तानाबाई म्हणाली. "गिळाय येतंय का, ह्ये बघतोय. ज्याला येतंय त्यो तसाही जगणार, त्याला हितं ठेवतोय. ज्याला येत न्हाय त्याला तिकडं धाडतोय, वेळ संपल्यावर. पारावर कुणी मरत न्हाय, कारण मरणारं ह्यो ठेवतच न्हाय."

जरीनानं चपलेनं रेघ पुसली आणि नवऱ्याचा हात धरला. "चला. पाला नंतर चावा."

मौलाली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एसटीनं घरी आला. त्याला धामण चावली होती. दवाखान्यात नुसतं निजवून ठेवलं, लक्ष ठेवलं आणि सोडलं.

लगेच काही शहाणे बोलू लागलेच, हा तर पारावरही बरा झाला असता.

झालाच असता. बिनविषारी चावा कुठंही बरा होतो. पारावर, ओसरीवर, झाडाखाली. विषारी साप चावला तरी तो दर वेळी विष सोडतोच असं नाही. पण चावा कसला आहे, हे चावलेल्या माणसाला कळत नाही, देवरुषाला तर नाहीच. कळेपर्यंत पापण्या खाली येतात. म्हणून साप चावला की न चिरता, न बांधता, चावलेला हात-पाय न हलवता थेट दवाखाना गाठावा. आणि पोचल्यावर डॉक्टरांनी विचारलं, आधी कुठं होता, तर खरं सांगावं. त्यात लाज नाही. मागून येणाऱ्याचा जीव त्या उत्तरात असतो.