हाळी

जव्हारचे सुशील सर सूर्यमाळच्या बायकांना स्वसंरक्षण शिकवायला आले होते. त्यांनी त्यांतल्या पुतळीचं मनगट धरलं. "कुणी असा हात धरला, तर आधी ओरडायचं."

पुतळी लाजत पुटपुटल्यासारखं ओरडली.

"एवढ्यानं कोण येणार? जीव तोडून ओरडा."

"नको सर. लोक खरंच येतील."

"मग येऊ देत की."

पलीकडच्या टेकडीवरच्या नवऱ्याला जेवायला बोलावताना देते, तशी हाळी पुतळीनं दिली. सरांच्या कानठळ्या बसल्या. ते सावरतात न सावरतात तोच तीन पाड्यांवरून माणसं कोयते, काठ्या घेऊन धावत आली. सर घाबरून पुतळीच्या पाठीमागे दडले आणि तिचं मनगट त्यांनी आणखीच घट्ट धरलं.

"सर," पुतळी हळूच म्हणाली, "आधी हात सोडा."