हॉलिस डावीकडे गेला

क्लीव्हन गिड्रीच्या जर्सीचा बावीस नंबर आमचा अमेरिकन फुटबॉलचा क्लब आता कुणालाच देणार नव्हता. त्याचा मान म्हणून सामन्याच्या मध्यंतरात समारंभ होता, आणि आम्हा पाच जणांना त्यानं स्वतः फोन करून बोलावलं. आम्ही पाच म्हणजे त्याच्या पुढचे धटिंगण. त्यानं चेंडू घेऊन पळायचं, आम्ही वाटेतल्यांना लोळवायचं. नाव त्याचं झालं, गुडघे आमचे गेले. तरी तक्रार नाही. दर डिसेंबरात तो आम्हाला पोट फुटेस्तोवर स्टेक खाऊ घालायचा, आणि माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस माझ्या घरी राहून त्यानं भांडी घासली होती. तीही धड नाहीत, पण घासली.

मैदानाबाहेर गाड्यांच्या तळावर गंबोची, म्हणजे मांस-कोळंबीच्या दाट रश्श्याची, पातेली रटरटत होती. मी भरलेला वाडगा तसाच ठेवून दिला. फोनवर तो म्हणाला होता, "हॉलिस, या वेळी मी ती धाव सांगणार. खरी."

ती धाव म्हणजे उपांत्य सामन्यातली, एकाहत्तर यार्डांची. डाव उजवीकडचा ठरला होता. मी गोंधळलो आणि डावीकडे सुटलो. क्लीव्हन माझ्यामागे आला. समोरचे सगळे उजवीकडे धावले होते. एकच उरला, त्याला मी आडवा केला. पेपरांनी ती प्रशिक्षकांची चाल म्हणून डोक्यावर घेतली. मी तेवीस वर्षं मिठाची गुळणी धरून बसलो, वर नातवंडांनाही तीच थाप मारली. दोघंही आज पहिल्या रांगेत होती.

क्लीव्हननं माइक घेतला. "लोकहो, त्या डावात आमचा हॉलिस चुकला होता."

साठ हजार माणसं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हसा, हसा. पण मी उजवीकडे का नाही गेलो, ते विचारा. नऊ वर्षं मी प्रशिक्षकांनी फळ्यावर आखलेल्या रेघा बघून पळालोच नाही. ह्याची पाठ बघून पळालो. आज नातीला खांद्यावर घेऊन चालतो, ते ह्या पाठीमुळे."

सगळं मैदान उठून उभं राहिलं. मला डोळ्यांतल्या पाण्यानं काही दिसेना. तो जवळ आला तेव्हा मी कसाबसा म्हणालो, "लेका, मी चुकलो हे तुला तेव्हाच कळलं होतं?"

"पहिल्याच पावलाला."

"मग मागे आलास कशाला?"

"गाढवा, तुला एकट्याला जाऊ द्यायचं होय?"