उलट्या मानेचा पक्षी

नंबरकाकांना त्यांच्या गल्लीत खऱ्या नावाने कोणी ओळखतच नव्हतं. दुकान चष्म्याचं, येणारा प्रत्येकजण नंबर काढायला येणार, म्हणून दुकानदाराचे झाले नंबरकाका. त्यांच्या बायकोला कोणी विचारलंसुद्धा नाही, त्या आपोआप नंबरकाकू झाल्या. बरं, काका नुसते नावाचे नव्हते हं. रस्त्यापलीकडून दुकानाची पाटी वाचताना माणूस डोळे कसे बारीक करतो, एवढ्यावरून ते त्याचा नंबर सांगायचे, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा. अशा माणसाच्या घरात जे घडलं ते ऐकून लोक म्हणतात, दिव्याखाली अंधार. म्हणोत बापडे! लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

काकूंच्या डोळ्यांच्या पडद्याला रोग लागला होता. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "कडेकडेनं दिसत राहील. चालता-फिरता येईल, घरातलं करता येईल. पण ऐन मधलं जात जाईल. अक्षरं, चेहरे, सगळं बारीक. याला औषध नाही. जे बघायचं असेल ते लवकर बघून घ्या."

काकूंना एकच गोष्ट बघायची होती. त्यांचे वडील रंगारी. जुन्या राजधानीच्या शहरात राजवाड्यातल्या दरबाराचं छत नव्याने रंगवायचं काम निघालं, तेव्हा ते तिथे राबले होते. छतभर पक्षी, आणि सगळे शिस्तीत सिंहासनाकडे बघणारे. त्यातल्या एकाची मान वडिलांनी मुकादमाचा डोळा चुकवून मागे वळवली. "तू घरी पाळण्यात होतीस ना, म्हणून त्याला तुझ्याकडे बघायला लावलं," असं ते लेकीला सांगायचे. कुठल्या कोपऱ्यात ते मात्र सांगायचे नाहीत. "मोठी हो, जा, आणि शोध. आयतं देणार नाही." मग ते गेले, आणि पक्ष्याचा पत्ता त्यांच्याबरोबरच गेला.

दवाखान्यातून परतल्यावर काकांनी काकूंना आपल्या दुकानातल्या खुर्चीत बसवलं. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठं अक्षर आणि खाली उतरत उतरत मुंगीएवढी. काकू तिसऱ्या ओळीलाच अडखळल्या. झालं! काकांनी शटर खाली ओढलं, वर घरात गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. जेवण नाही, बोलणं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. आजारी एक आणि उशाशी बसून समजूत घालणारी तीच, असा सगळा उलटा कारभार.

पुढे काही आठवड्यांनी काकांच्या मनाने उचल खाल्ली. "त्या दिवशी उजेडच धड नव्हता गं. चल, पुन्हा बघू." काकू बसल्या आणि वरपासून खालपर्यंत सगळा तक्ता धडाधडा वाचून मोकळ्या झाल्या, शेवटच्या ओळीसकट! काकांना आकाश ठेंगणं झालं. डॉक्टर काय, घाबरवायलाच बसलेले असतात, असं त्यांनी समोरच्या शिंप्यालासुद्धा ऐकवलं. आणि मग एकदा धीर आला म्हटल्यावर घाई कशाला? आधी शाळा उघडायची गर्दी होती. मग लेकीचं बाळंतपण आलं. मग दुकानातली कपाटं बदलायची निघाली. मधूनमधून ते काकूंना खुर्चीत बसवायचे, काकू तक्ता वाचायच्या, आणि सहल पुढे ढकलली जायची.

"अगं, पक्षी काय उडून जाणारेत?" काका म्हणायचे.

"ते कुठे जातायत," काकू म्हणायच्या आणि हसायच्या.

कपाबाहेर चहा सांडत होता. शेजारीण तोंडाने बोलेपर्यंत काकू तिला ओळख देत नव्हत्या. शर्टाचं बटण तुटलं तर 'द्या त्या शिंप्याकडे' म्हणत होत्या. काकांना हे दिसत नव्हतं असं नाही. वयाप्रमाणे व्हायचंच, असं ते स्वतःला सांगायचे, आणि तक्त्यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

शेवटी लेकीनेच वैतागून गाडीची तिकिटं काढून पाठवली. सुट्टीचा वार होता. काकांनी दुकानातल्या काचेच्या टेबलावर शहराचा नकाशा पसरला आणि काकूंना खाली हाक मारली. त्यांच्या अंगात नुसता उत्साह संचारला होता.

"हे बघ, सकाळी उतरायचं, सामान टाकायचं, आणि ऊन चढायच्या आत राजवाडा. मग नदीकडची वेस. संध्याकाळी घड्याळाचा मनोरा. पण पायऱ्या फार आहेत, तुझे गुडघे काय म्हणतात?"

"गुडघ्यांचं मी बघून घेईन. राजवाडा आधी म्हणजे आधी."

"आधीच आहे गं बाई! हा इथे."

काकूंनी नकाशावर बोट ठेवलं. "अय्या, स्टेशनपासून जवळच की."

"अगं, नदीत बुडालं तुझं बोट!"

दोघंही हसली. मग काकांनी खणातून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली आणि काकूंच्या हातात दिली. छोटीशी दुर्बीण होती. दुपारी झोप न काढता स्वतः भिंगं घासून बसवलेली. "छत उंच आहे म्हणतात. हिच्यातून एकेक पक्षी नाकासमोर येईल. सासऱ्यांची लबाडी पकडायची म्हणजे हत्यार नको?"

काकू ती दुर्बीण कितीतरी वेळ हातात फिरवत राहिल्या. डोळ्याला काही त्यांनी ती लावली नाही.

"शेवटचं भिंग तुझ्या नंबराचं बसवायचं राहिलंय. बस बघू खुर्चीत."

काकू बसल्या. काकांनी त्यांच्या डाव्या डोळ्यावर पुठ्ठा धरला आणि वाच म्हणाले. काकूंनी नेहमीच्या चालीवर सुरू केलं. पहिलं अक्षर क. भिंतीवर भ होतं. काकांना वाटलं, थट्टा चाललीय. पण काकू थांबल्या नाहीत. दुसरी ओळ, तिसरी ओळ, पाढे म्हणावेत तशा खाली खाली उतरत गेल्या आणि शेवटच्या ओळीला श्वास सोडून थांबल्या. त्यातलं एकही अक्षर भिंतीवर नव्हतं.

"पुन्हा वाच गं," काका म्हणाले.

काकूंनी पुन्हा वाचलं. तेच, तस्संच.

"काय झालं हो? चुकले का कुठे?"

"तक्ता बदललाय मी," काका म्हणाले. "जुन्याचे कोपरे फाटले होते. सकाळी नवा लावला."

काकूंनी पुठ्ठा बाजूला सारला आणि हात मांडीवर ठेवले. चोरी पकडलेल्या लहान मुलीसारख्या त्या बसून राहिल्या.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"तुम्ही जेवण सोडलंत ना, त्यानंतर लगेच. म्हटलं, आधी माणूस तरी वाचवावा."

"अगं, पण बोलली असतीस तर दुसऱ्या दिवशी उचलून नेलं असतं तुला! पायी नेलं असतं!"

"तुम्ही म्हणालात शाळांची गर्दी झाली की जाऊ. मला वाटलं, तोवर टिकतील डोळे. नाही टिकले. मग सांगून काय करायचं होतं? तुम्ही पुन्हा भिंतीकडे तोंड केलं असतंत."

काकांना तिचा संताप आला, आणि लगेच स्वतःची किळस आली. वाचवायला म्हणून तिने खोटं बोलायचं, त्या खोट्यावर विसंबून आपण मजेत दिवस घालवायचे. काय ही दोघांची माया! जळो ती माया!

"शेवटची ओळ," ते कसंबसं म्हणाले, "ती कशी पाठ केलीस? चांगल्या डोळ्यांना दिसत नाही ती."

"वरच्या ओळी रोज तक्ता पुसून पुसून पाठच झाल्या होत्या. शेवटचीने फार दमवलं. तुम्ही वर आडवे झालात की खाली यायचे, तुमचं भिंग घ्यायचे आणि तक्त्याला नाक लावायचे. डोळ्यांतून पाणी यायचं नुसतं. एकेका अक्षराला एकेक दुपार गेली. पण केली पाठ!" त्यात थोडा अभिमानही होता. मग आवाज उतरला. "त्यानंतर बारीक असं काही बघायच्या आतच डोळे गेले. नीट बघितलेलं शेवटचं तेवढंच."

जुना तक्ता केराच्या डब्यात गुंडाळून खोचलेला होता. काकांनी तो उघडला आणि शेवटची ओळ वाचली. र ट न ग ज प. अर्थ काहीच नाही. तक्त्यावर मुद्दाम अशीच अक्षरं घालतात, कोणाला अंदाजाने वाचता येऊ नये म्हणून. गिऱ्हाइकांना हे ते स्वतः हौसेने समजावून सांगायचे.

काकू टेबलाशी आल्या. हाताने चाचपून त्यांनी नकाशाची घडी घातली, ती तिरकी पडली.

"जायचं मात्र आहे," त्या म्हणाल्या. "दुर्बीण तुम्ही लावा आणि तो शोधून काढा. सापडला की माझं तोंड तिकडे वळवा. मला नाही तर नाही, त्याला तरी मी दिसेन."

काकांनी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?