उंटाला द्यायचं उत्तर

“उंट अंगावर आला म्हणून बावरू नकोस. कडेचं प्यादं एक घर पुढे सरकव आणि विचार त्याला, राहतोस की जातोस?”

मित्रांनो, थोरल्या बहिणीने धाकटीला बुद्धिबळ शिकवलं, तेव्हाचे हे शब्द. मी एक जुनं लाकडी प्यादं आहे. हत्तीपुढे उभं राहणारं, कडेचं. घडवताना सुताराच्या हातून माझी मान जराशी वाकडीच राहिली.

दोघी आपापले संसार करून उतारवयात पुन्हा एका छपराखाली आल्या. दुपारची भांडी आवरली की पट मांडायचा, हा त्यांचा नेम. थोरली झपकन उंट बाहेर काढून धाकटीच्या घोड्यावर रोखायची. घोडा हलला तर मागचा वजीर जायचा. मग धाकटी मला पुढे करायची.

“आलं का तुझं वाकडमानं!”

“आलं. आता तुझ्या लंबूला म्हणावं, पाय उचल.”

मला केवढा अभिमान वाटायचा!

त्या दुपारीही उंट आला. धाकटीचा हात माझ्याकडे वळणार, तोच आत दूध उतू गेल्याचा वास आला.

“उठू नकोस हं ताई. याचं उत्तर तुझ्या तोंडावर देणार आहे मी!”

“दे गं बाई. बसलेय मी.”

धाकटी आत गेली आणि इकडे थोरलीची मान छातीवर कलली. मला सगळं दिसत होतं. पण प्याद्याला ना हाक मारता येते, ना धावता.

थोरली तेव्हापासून दवाखान्यात आहे. बोलत नाही, बघत नाही. धाकटी रोज जाऊन येते. पट मात्र तसाच. सकाळी ती आमच्याभोवतीची धूळ पुसते, पण एकालाही बोट लागू देत नाही. थोरलीचा नियमच होता, हात लावलेला मोहरा चालवायचाच. आणि उत्तर दिल्यावर समोरून काहीच आलं नाही तर?

“मावशी, आवर गं तो पट,” काल थोरलीचा मुलगा म्हणाला. “डॉक्टरांनीही हात टेकले. आई आता कुठली खेळतेय!”

“चाल माझी आहे रे. आवरू कशी?”

मित्रांनो, प्याद्याला मागे फिरता येत नाही आणि कुणी उचलल्याशिवाय पुढेही जाता येत नाही. म्हणून एक विनवणी, कुणाला उत्तर द्यायचं राहिलं असेल, तर आम्हाला नुसतं पुसत बसू नका.

आज सकाळी पुसता पुसता तिचं फडकं माझ्यापाशी थांबलं. ते तिने बाजूला ठेवलं. दोन बोटांत माझी वाकडी मान धरली आणि मला उचललं.

हात लागला होता.

मला मुठीत घेऊन तिने चपला घातल्या, दार हलकेच ओढून घेतलं आणि ती दवाखान्याच्या वाटेला लागली.