सोमवारचा बेत

चार दिवसांच्या सहलीचा बेत आखता आखता शेवटी दोनच दिवस उरले, आणि त्या दोन दिवसांचा कागद तयार व्हायला पाच आठवडे लागले. नमनालाच घडाभर तेल, दुसरं काय.

पण कागद करणारा माणूस होताच तसा. तो एका चित्रसंग्रहालयात पहारेकरी होता. तिसऱ्या दालनाच्या कोपऱ्यात एक खुर्ची, त्या खुर्चीवर तो सव्वीस वर्षं. दिवसभरात "हळू बोला" आणि "हात लावू नका" या दोन वाक्यांपलीकडे बोलायचं काम नाही, म्हणून बरोबरीच्या लोकांनी त्याचं नावच हळूबोला ठेवलं होतं. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा पोटऱ्यांत गोळे आलेले असायचे. लोक म्हणतात, बसून पगार खातो, याला कसला आलाय थकवा. बसून बघा म्हणावं एकदा.

अर्थात घरी त्याच्याहून दमलेलं माणूस होतं, ते म्हणजे त्याची बायको. त्याची आई बारा वर्षं अंथरुणाला खिळलेली. तोंड धुण्यापासून कूस बदलण्यापर्यंत सगळं सुनेनं करायचं. कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. मधल्या वेळात मशीनवर शिवण, फाटक्या कपड्यांना रफू. या बारा वर्षांत तिनं नवऱ्याचं संग्रहालयसुद्धा पाहिलं नव्हतं. त्याला आठवड्यातून एक दिवस सुट्टी, त्या दिवशी तो आईजवळ बसू शकायचा, पण त्याच दिवशी संग्रहालयालाही कुलूप. मग ती भाजी आणायला जायची. तेवढीच हवा.

तिच्या मशीनच्या वर भिंतीला एक चित्र चिकटवलेलं होतं. हळूबोलानं कामावरून आणलेल्या कुठल्याशा माहितीपत्रकातून तिनं ते कापून घेतलं होतं. दोन गावं पलीकडच्या एका लहान संग्रहालयातला जुना कोट. कुणा बाईनं आपल्या नवऱ्याचा कोट चाळीस वर्षं रफू केला, इतका की मूळ कापड कुठलं आणि टाके कुठले ते कळेना. चित्रावर बोट ठेवून ती म्हणायची, "हा मला जवळून बघायचाय. काखेत कसा सांधलाय ते चित्रात दिसतच नाही." बारा वर्षांत तिनं मागितलेली गोष्ट एवढी एकच.

हळूबोलाची मोठी बहीण, ताई, आईपाशी राहायला तयार झाली तेव्हा सहलीचं ठरलं. आधी चार दिवस म्हणाली, मग तीन, मग दोन. "शनिवारी संध्याकाळी येते आणि मंगळवारी सकाळी निघते," ती फोनवर म्हणाली. "त्याहून जास्त कूस बदलायला माझ्या कमरेत जोर नाही रे." खोटं बोलत नव्हती ती. तिचीही साठी उलटून गेली होती.

मग हळूबोलानं कागद करायला घेतला. रोज जेवण झालं की माहितीपत्रकं पसरायची, बसच्या वेळा जुळवायच्या. दहा वाजून दहा मिनिटं, दालन एक. दहा चाळीस, दालन दोन. अकरा वाजता बसणे, दहा मिनिटं. तीन संग्रहालयं आणि पाच बागा त्यानं त्यात कोंबल्या. बारा वर्षांचं सगळं तिला दोन दिवसांत दाखवायचं होतं त्याला.

बायकोनं कागद वाचला आणि परत त्याच्या हातात दिला. "अहो, ही सहल आहे का कवायत? पाच बागा कशाला? एकच बघू. तिथे बाक असला म्हणजे झालं. आणि तो कोट. बाकी सगळं खोडा."

त्यानं खोडलं. उरलं ते असं: रविवारी जवळच्या गावातलं चित्रदालन. तिथेच मुक्काम. सोमवारी पुढच्या गावी कोटाचं संग्रहालय, शेजारची मोठी बाग, आणि चारच्या बसनं घरी. रविवारची एक रजा टाकायची. सोमवारी त्याला सुट्टी असतेच. एका रजेत दोन दिवस बसवले म्हणून तो जरा खूशही होता.

रविवारी चित्रदालनात जे व्हायचं तेच झालं. भिंतीवरची चित्रं सोडून तो पहारेकऱ्यांकडेच बघत होता. "खुर्ची चुकीच्या जागी ठेवलीये. इथून दार दिसत नाही." एका माणसानं चित्राच्या चौकटीकडे बोट नेलं तसं याच्या तोंडून गेलंच, "हात लावू नका." तो माणूस वरमून मागे सरला. बायकोनं याची बाही ओढली.

"आज ड्यूटी नाही तुमची."

तीही काही फार बघत नव्हती. प्रत्येक दालनाच्या दारात फोन काढून बघायची, ताईचा आलाय का. सोमवारी सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "रात्रभर दर दोन तासांनी जाग आली मला. उठून बसायचे. कूस कुणाची बदलायची? तुम्ही तर घोरत होतात." दोघंही थोडं हसली.

दीड तासाच्या बसनंतर दोघं कोटाच्या संग्रहालयापाशी उतरली. लहानशी दगडी इमारत, स्वच्छ पायऱ्या. बायकोनं पदर सारखा केला, चष्मा काढून पुसला. हळूबोला पुढे गेला आणि फाटकापाशी थांबला. फाटकाला साखळी होती, आणि साखळीवर पाटी: सोमवारी बंद.

ती पाटी त्याला पाठ होती. अशीच पाटी आपल्या संग्रहालयाच्या दाराला दर रविवारी संध्याकाळी खिळ्यावर लावायचं काम त्याचंच होतं. सव्वीस वर्षं त्यानं ती लावली, आणि लावली की घरी जायचा. सोमवार म्हणजे मोकळा दिवस, मोकळ्या दिवशी माणूस फिरायला जातो, एवढंच त्याच्या डोक्यात. पाच आठवडे त्यानं बसची मिनिटं मोजली, पण माहितीपत्रकातली सुट्टीची ओळ वाचली नाही. आपल्याला कोण काय सांगणार संग्रहालयाबद्दल?

"बंद आहे?" बायकोनं विचारलं.

"सोमवार आहे ना."

"सोमवार आहे हे मला पण माहीत आहे." ती पाटीकडे बघत राहिली. "इतकी वर्षं दर सोमवारी तुम्ही घरी असता. कशामुळे असता?"

पण संग्रहालयात सोमवारी झाडलोट असते हे त्याला ठाऊक होतं. तो तिला घेऊन मागच्या दाराशी गेला. दार अर्धं उघडं होतं आणि आत त्याच्याच वयाचा एक पहारेकरी बादली घेऊन उभा होता.

"दादा, मी पण याच कामातला आहे," हळूबोला म्हणाला. "एकच कोट बघायचाय हिला. पाच मिनिटं."

त्या माणसानं दोघांकडे नीट पाहिलं. आवाज मुळीच चढवला नाही. "तुमच्याकडे असं कुणी आलं असतं, तर तुम्ही सोडलं असतं का?"

हळूबोलाला खोटं बोलता आलं असतं. "नाही," तो म्हणाला.

"मग मी काय बोलू?" आणि त्यानं दार ओढून घेतलं.

शेजारच्या बागेत एका मोठ्या झाडाखाली बाक होता. दोघं बसली.

"चिडलीस?" त्यानं विचारलं.

"चिडायला पण अंगात जोर लागतो." ती चपला काढून पाय गवतावर टेकवून बसली होती. "एक विचारते, राग मानू नका. बारा वर्षांत एखादा दिवस तुम्ही रजा टाकून आईंजवळ बसला असतात, तर मी एकटी येऊन हा कोट बघून गेले नसते का? तुमचं संग्रहालय तर बसनं अर्ध्या तासावर आहे. तेसुद्धा बघून झालं असतं."

"रजा अडीअडचणीला म्हणून साठवत होतो गं."

"मी अडचणीतच होते की."

तो पुटपुटला, "तू कधी म्हणाली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. आणि खरं सांगू? मलाही हे आत्ता, इथे बसल्यावर सुचलं. दमलेल्या माणसाला साधी गोष्ट सुचत नाही." तिनं पिशवी डोक्याखाली घेतली. "जरा आडवी होते. ताईंचा फोन आला तर उठवा."

ती झोपली. बघता बघता श्वास संथ झाला, तोंड किंचित उघडं पडलं. तिचे पाय बाकावर मावेनात तसा हळूबोला उठून बाजूला एका दगडावर बसला. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, नजर समोर. असं बसणं त्याला येत होतं. दोन पोरं चेंडू घेऊन ओरडत आली. त्यानं एक बोट वर केलं आणि म्हणाला, "हळू बोला." पोरं निमूट पलीकडे गेली. ताईचा फोन आला तेव्हा त्यानं लांब जाऊन सांगितलं, "झोपलीये. तूच बघ काय ते."

परत येऊन त्यानं तिच्याकडे पाहिलं. कानामागचे केस पांढरे झालेले त्याला आज दिसले. कुणा परक्याच्या चित्रांवर सव्वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पहारा केला, आणि घरातल्या या माणसाकडे नीट बघितलं नाही. त्याला लाज वाटली. आईचं करायला बायको आहे म्हटल्यावर त्यानं तिकडे पाठ फिरवली होती, एवढी सरळ गोष्ट होती ती.

मिनिटं मोजून लिहिलेला तो सहलीचा कागद त्यानं खिशातून काढला, उलटा केला आणि गुडघ्यावर ठेवून रजेचा अर्ज लिहायला घेतला. दर गुरुवारी एक दिवस, साठलेली रजा संपेपर्यंत. पुढे कारण. आजवर कधी रजा टाकलीच तर तो "घरगुती" असं लिहायचा. आज त्यानं लिहिलं: आईची कूस बदलणे.

पावणेदोन तास झाले. ती एकदाही जागी झाली नव्हती.

एक वाजायला आला तसा माळी आला. त्याच्या हातात शिट्टी होती. बाग दुपारी एक ते तीन बंद असते. त्यानं शिट्टी ओठांशी नेली तेवढ्यात हळूबोला उठून त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"दहा मिनिटं," तो अगदी हळू म्हणाला. ही दहा मिनिटं सव्वीस वर्षांत त्याच्याकडे शेकडो लोकांनी मागितली होती. त्यानं कुणाला दिली नव्हती.

माळ्यानं बाकाकडे पाहिलं. "बरं नाही का त्यांना?"

"बरी आहे. दमलीये फक्त."

माळ्यानं शिट्टी खिशात टाकली. "मागचं फाटक आधी लावून येतो मग," तो म्हणाला. "ते लांब आहे."

आणि पाय न वाजवता तो गवतावरून निघून गेला.